खमाजची गायकी

"चार पानं?" राधाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले. "भुपेन झाला तवा दवाखान्यातून मले अर्धी चिठ्ठी भेटली होती. अना कुत्र्याले चार पानं?"

सुनेनं लिहून दिलेल्या त्या सूचना चंद्रभानांनी बायकोच्या हातून काढून घेतल्या. मुलाची गाडी दिघोरीच्या वळणावरून दिसेनाशी झाली होती आणि छपरीतल्या सतरंजीच्या बरोब्बर मधोमध खमाज बसून दोघांकडे पाहत होता. भुपेंद्रला कंपनीनं चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं, सून उर्वशीही सोबत चालली होती, आणि त्यांच्या नागपूरच्या फ्लॅटातला हा कुत्रा तेवढे दिवस दिघोरीत राहणार होता. उर्वशी मिरजेची, गाण्याच्या घरातली, म्हणून कुत्र्याचं नाव रागावरून ठेवलेलं. राधाबाईंच्या जिभेवर ते काही बसेना. तिसऱ्या दिवसापासून त्या त्याला 'खमंग' म्हणू लागल्या आणि तो येऊही लागला, कारण हाक मारताना त्यांच्या हातात बहुतेक खमंगच काहीतरी असायचं.

आता हा कुत्रा दिसायला कसा होता ते सांगितलंच पाहिजे. तोंड कोल्ह्यासारखं तरतरीत, कान ताठ, छाती पांढरीशुभ्र, पाठ तांबूस आणि चांगली लांबलचक. इथपर्यंत पाहणारा माणूस "वा!" म्हणायचा. मग त्याची नजर खाली जायची. पाय होते, नाही असं नाही, चारही होते. पण पाटाला असतात तेवढे.

"पाय मागून येनार हायेत का पार्सलनं?" लक्ष्मणरावांनी पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून विचारलं. लक्ष्मणराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. तलावाखालची सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्यांचं होतं आणि गावातलं शेवटचं वाक्यही बहुतेक त्यांचंच असायचं.

"जातच तशी हाये जी त्याची. कॉर्गी म्हनतेत. विलायतेत गाई हाकलते तो," चंद्रभान म्हणाले.

"गाई?" लक्ष्मणराव इतके हसले की त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला. "अरे, गाईच्या शेनाचा पो त्याच्यापेक्षा उंच असते!"

चंद्रभानांना ते लागलं. पाहुणा कुत्रा असला तरी घरचा पाहुणा होता. त्या दिवसापासून त्यांनी चष्मा लावून ती चार पानं पाठ करायला घेतली. याचे केस दुहेरी असतात, रोज विंचरावेत. उकडतं म्हणून कापू नयेत. पाठ लांब आहे, उंचावरून उडी मारू देऊ नये. जेवण मोजून द्यावं, कारण पोट भरलं हे याला कळतच नाही, आणि अंगानं सुटला तर पोट जमिनीला टेकतं. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: 'याला काम लागतं. काम दिलं नाही तर हा स्वतः काम शोधतो.'

"म्हंजे तुमच्या उलटा," राधाबाई म्हणाल्या.

आणि शोधलंच की त्यानं. आठवड्याभरात राधाबाईंच्या कोंबड्या दुपारी चारला रांगेनं डाल्याखाली जायला लागल्या. पुढच्या आठवड्यात तो पानठेल्यावर गेला, गप्पा मारत बसलेल्या चंद्रभानांच्या टाचेला मागून हलकेच दात लावले आणि त्यांना थेट जेवणाच्या ताटापर्यंत आणून सोडलं. चावला नाही हं. नुसते दात लावले. तीस वर्षांत जे राधाबाईंना जमलं नव्हतं ते या टीचभर पायांनी करून दाखवलं. "हुशार हाये बाप्पा माहा खमंग!" म्हणत त्यांनी त्याला एक भाकर जास्तीची दिली. पान दोन, ओळ सात मोडली.

इथे धनीरामची गोष्ट आली. धनीराम हा दिघोरीचा गायकी. गाणं म्हणणारा नव्हे. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत गावची गुरं चारायला नेतो त्याला गायकी म्हणतात. रोज सकाळी गावची साठ-पासष्ट जनावरं आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, जमायची आणि धनीराम त्यांना तलावाच्या मातीच्या पाळीवरून पलीकडच्या रानात न्यायचा. चाळीस वर्षं झाली. एकेक गाय नावानं ओळखायचा, तिच्या आईच्याही नावानं. पण दोन सालांपासून त्याचा उजवा गुडघा गेला होता. पळता येत नव्हतं. पोळा होतो न होतो तोच जनावरं तीनदा लक्ष्मणरावांच्या बांधीत शिरली. मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि शेवटचं वाक्य ठरल्याप्रमाणे लक्ष्मणरावांनी टाकलं, "आता एक जनावर जरी धानात शिरलं, तं गायकी बदलाचा. म्हातारपन सगळ्यालेच येते. म्हनून गावानं धान चारावं का?"

बैठक उठल्यावर धनीराम चंद्रभानांच्या छपरीत येऊन बसला. चहा गार झाला तरी कप हातातच. "खायचं नाई जी वाटत," तो म्हणाला. "पोरगी घालन दोन घास. पन सकाळी उठून मी जाऊ कुठं? मले गाईबिगर कुठं जाताच येत नाई."

चंद्रभानांनी गार कप काढून घेऊन गरम चहा त्याच्या हातात दिला. खमाज मात्र उठला, धनीरामच्या मागे गेला आणि त्याच्या टाचेचा वास घेतला. बहुधा गाईंचाच आला असावा. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खमाज घरात नव्हता, आणि चंद्रभान धापा टाकत आखरावर पोचले तेव्हा तो कळपाच्या मागच्या अंगाला शिस्तीत उभा होता.

"घ्या जी तुमचा कुत्रा, मरन तो!" धनीराम ओरडला आणि तेवढ्यात लक्ष्मणरावांच्या मोरी गाईनं लाथ झाडली. या मोरीनं आजवर तीन कुत्रे आणि एक ग्रामसेवक लोळवला होता. लाथ आली आणि खमाजच्या डोक्यावरून वाऱ्यासारखी निघून गेली. त्यानं मान वाकवायचेही कष्ट घेतले नाहीत. मग शांतपणे पुढे होऊन मोरीच्या टाचेला दात लावले. मोरी वळली. मोरी वळली म्हणून बाकीच्या वळल्या. धनीराम उभ्या जागी तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

"चंद्रभानभाऊ," तो हळूच म्हणाला, "हे पाय आखूड नाई जी. हे मापातच शिवले देवानं."

त्या दिवसापासून खमाज कामावर लागला. सकाळी जायचा, सांजेला यायचा, पोटाला चिखल माखून. राधाबाई त्याला आंघोळ घालायच्या, चंद्रभान केस विंचरायचे, कान पुसायचे, आणि मग तिघंही समाधानानं बसायची. महिना गेला, धानाला लोंबी आली, पण एकाही जनावरानं लक्ष्मणरावांच्या बांधीकडे मान वळवली नाही. अशात एक दिवस जर्मनीहून उर्वशीचा फोन आला. आवाज तुटत तुटत येत होता.

"बाबा, खमाज कसा आहे? कंटाळला नाही ना?"

"कंटाळते कायले? खमाज गायकी झाला नं आता!"

"काय? गायकी?"

"हो बाई. अव्वल गायकी. सारं गाव पाहाले येते."

मग एकदम बारीक आवाजात, "बाबा, त्याला शिकवलं कोणी?"

"शिकवाले कायले लागते? रक्तातच हाये. थोडंसं धनीरामनं शिकवलं. चाळीस वर्षं झाली त्याले गायकीत."

"अय्या! मग घराणं कोणतं त्यांचं?"

चंद्रभानांना हा प्रश्न जरा खटकला. पण सुनेनं विचारलं तर सांगायला हवं. "घरानं चांगलं हाये. बाप गायकी, आजा गायकी. गरीब हाये, पन इमानदार."

"आणि रोज किती वेळ बसतात?"

"बसते कुठं? सकाळी सहाले सुरू होते ते सांज होयेपर्यंत. मधात फक्त तलावावर पानी."

"बाप रे! आणि आवाज?"

"आवाजाचं तं नोकोच विचारू. एकडाव लावला का त्या पाळीवरून ऐकू येते. लक्ष्मणरावची गायसुद्धा जाग्यावर उभी राह्यते!"

एवढ्यात फोन कटला. चंद्रभान समाधानानं राधाबाईंना म्हणाले, "पोरगी चांगली हाये. गाईढोराचं किती पुसते पाह्य."

उर्वशीनं लगेच मिरजेला वडलांना फोन लावला. तिचे वडील घनश्यामराव बँकेतून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं गात असलेले. यातला बँकेचा भाग लोकांना आवडायचा. गाण्याला मात्र माणसं टिकत नसत. दर वर्षी घरी बैठक ठेवायचे, बारा डोकी जमायची, आणि ख्याल विलंबितातून बाहेर येईपर्यंत त्यातली नऊ चहा पिऊन पसार. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई उरलेल्या तिघांत नसायच्या. नागपूरला लेकीकडे गेले की मात्र खमाज त्यांच्यासमोर अख्खी तोडी संपेपर्यंत बसायचा. घनश्यामरावांच्या शेजारी बिस्किटांची बशी असायची ही गोष्ट त्यांनी कधी विचारात घेतली नव्हती.

"माझंच ऐकून ऐकून झालंय हे!" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी तानपुऱ्याला गवसणी चढवून ते महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले.

भंडारा रोडला चंद्रभान जीप घेऊन आले होते. व्याह्यांचा तानपुरा पाहून ते मनात म्हणाले, इवाई माणूस शौकीन, भोपळ्याशिवाय झोप येत नसेल.

"आधी मला खमाजची गायकी दाखवा," घनश्यामराव जीपमध्ये चढता चढताच म्हणाले.

"उद्या सकाळी सहाले निघू जी. आखरावर जमाव जमते."

"सहाला? किती असतात?"

"साठ-पासष्ट. पोळ्याले जास्त."

घनश्यामरावांनी सीटची दांडी धरली. साठ-पासष्ट! सकाळी सहाला! "आणि... शेवटपर्यंत थांबतात?"

"थांबत नाई तं जातेत कुठं? खमाज जाऊ देते का?"

"केवढी पकड!" घनश्यामराव पुटपुटले आणि लाखांदूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मांडीवर ताल धरून बसले.

सकाळी सहाला घनश्यामरावांनी पांढरा झब्बा घातला, आखरावरच्या मोहाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली आणि तानपुरा जुळवायला बसले. धनीरामला वाटलं, कसली तरी पूजा असेल. त्यानं दुरूनच हात जोडले. घनश्यामरावांनी गुरूला करावा तसा उलट वाकून नमस्कार केला. धनीराम घाबरून दोन पावलं मागे सरला. गाई येऊ लागल्या. पाच झाल्या, वीस झाल्या, साठ झाल्या. खमाज एकेकीला आत घेत होता.

"लोक कधी येणार?" घनश्यामरावांनी विचारलं.

"कोन लोक जी?"

"श्रोते. आणि खमाज कधी सुरू करणार?"

"सुरू तं केव्हाचंच झालं नं," धनीराम म्हणाला. "हे काय, गायकीच चालून राहिली."

घनश्यामरावांनी खमाजकडे पाहिलं. गाईंकडे पाहिलं. मग चंद्रभानांकडे. चंद्रभान तानपुऱ्याकडे पाहत होते. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला, आणि दोघांनाही तो नको होता.

"म्हणजे गायकी म्हणजे... गाय?"

"म्हंजे तुमच्याकडे गायकी म्हंजे... गाना?"

दुसरा कुणी असता तर हसून मोकळा झाला असता. पण घनश्यामराव हाडाचे कलावंत, शिवाय सव्वीस तास रेल्वेत बसून आलेले. त्यांचा चेहरा लाल झाला. "गायकी कशाला म्हणतात ते मी दाखवतो!" असं म्हणून त्यांनी कानाला हात लावला, डोळे मिटले आणि थेट तार सप्तकातला षड्ज फेकला. वरून तान.

जनावरांनी आजवर वाघाची डरकाळी ऐकली होती, डीजे ऐकला होता. हे नव्हतं ऐकलं. मोरीनं शेपटी उभारली आणि उधळली. तिच्यामागे बाकीची चौसष्ट. आखर एका श्वासात रिकामं झालं आणि सगळा कळप धूळ उडवत तलावाच्या पाळीवरून खाली सुटला. खाली, लोंबीनं वाकलेल्या धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हातात काठी घेऊन नेमके लक्ष्मणराव उभे.

"गेलं जी!" धनीराम म्हणाला. तो चार पावलं पळाला, गुडघ्यानं दगा दिला आणि तो तिथेच खाली बसला. चाळीस वर्षं डोळ्यांसमोर धानात शिरताना दिसत होती.

खमाज मात्र निघाला होता. त्या पायांना पळताना पाहावं तर पाय दिसतच नाहीत. नुसती तांबूस पाठ जमिनीलगत सरकत जाते. तो कळपाच्या मागे गेलाच नाही. पाळीच्या उतारावरून तिरपा निघाला, बांधीच्या धुऱ्यावर कळपाच्या आधी पोचला आणि समोर उभा राहून भुंकला. एवढ्याशा धडात एवढा आवाज कुठं मावतो देव जाणे! पहिल्या दहा गाई थबकल्या. लाथा डोक्यावरून जात होत्या, टाचांना दात लागत होते. आणि मागून, खाली बसल्या बसल्याच, धनीरामनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"होऽऽऽ ओऽऽऽ होऽऽऽ!"

लांब, खोल, सरळ आवाज तलावाच्या पाण्यावरून पलीकडे गेला आणि परत आला. एकेक गाय जागच्या जागी उभी राहिली. मोहाच्या झाडाखाली घनश्यामरावांच्या हातातली तार थांबली.

"कोमल निषाद," ते स्वतःशीच म्हणाले. "अरे, कुठेही हलला नाही!"

चौसष्ट जनावरं वळली. पासष्टावी मोरी, ती लक्ष्मणरावांच्या बांधीत शिरली.

"शिरलं! शिरलं! पाहालं नं सगळ्यायनं?" लक्ष्मणराव काठी उंचावून ओरडले. "बदला गायकी!"

मग खमाजही धानात शिरला. धान त्याच्यापेक्षा उंच, त्यामुळे तो पार नाहीसा झाला. फक्त लोंब्यांची एक रेघ हलत हलत मोरीच्या दिशेनं गेली. क्षणभरानं मोरी हंबरत बाहेर पडली, तिच्यामागून कानांपर्यंत चिखलानं माखलेला खमाज. त्यानं धुऱ्यावर येऊन अंग झटकलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कळप एका जागी होता. एकच प्राणी कळपाबाहेर, तोही आरडाओरडा करणारा. खमाज लक्ष्मणरावांच्या मागे गेला आणि टाचेला दात लावले.

"अबे! अबे हट! कोनी आवरा याले!" लक्ष्मणराव डावीकडे गेले, खमाज डावीकडे. उजवीकडे गेले, खमाज उजवीकडे. काठी फिरवली ती डोक्यावरून गेली. दोन मिनिटांत त्यानं त्यांना रीतसर वळवून, पाळ चढवून, मोरीच्या शेजारी आणून उभं केलं. गाव जमलं होतं. हसावं कसं, असा प्रश्न होता, आणि हसू नये कसं, हाही.

"लक्ष्मणराव," चंद्रभान शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हणाले, "शिरली थे गाय कोनाची जी?"

लक्ष्मणरावांनी मोरीकडे पाहिलं. मोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंडात त्यांचंच धान चघळत.

"चूक माझी आहे," घनश्यामराव झब्ब्याची धूळ झटकत पुढे झाले. "गाई माझ्यामुळे उधळल्या. या माणसाला शिक्षा नको. असा स्वर लावणारा माणूस तुम्ही काढून टाकणार?"

लक्ष्मणरावांनी वाकून टाच चोळली. जखम नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी खमाजकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या धानाकडे टाकली होती. "मले वळवलन," ते म्हणाले. "माह्या बापाले मी वळलो नाई कधी." मग शेवटचं वाक्य टाकलं, "गायकी बदलाचा नाई. पन धनीराम, उद्याच्या गाडीनं भंडाऱ्याले जाऊन गुडघा दाखव. मी येतो सोबत."

धनीराम रडायलाच लागला. रडता रडता म्हणाला, "मंग दहा-बारा दिवस गाई कोन पाहीन जी? खमाज हाये, पन त्याच्यामागं हाक देनारा मानूस पायजे नं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि घनश्यामरावांनी घसा साफ केला.

पाचव्या दिवशी मिरजेहून चंद्रकलाबाईंचा फोन आला. चंद्रभान छपरीत बसले होते. राधाबाई पाळीकडे डबा घेऊन निघाल्या होत्या, घनश्यामरावांसाठी भाजीभाकर आणि खमंगसाठी पान दोन, ओळ सातमध्ये न बसणारं काहीतरी.

"अहो, आमचे हे आहेत कुठे? फोन उचलत नाहीत," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"गायकीलेच गेले नं जी. सकाळपासून."

"तिथेसुद्धा?" त्यांनी सुस्कारा सोडला. "चाळीस वर्षं तेच चाललंय. ऐकतंय तरी का कोणी?"

चंद्रभानांनी दूर पाहिलं. तलावाच्या पलीकडे पांढरा झब्बा वर खोचून घनश्यामराव एका दगडावर बसले होते. आता ते खालच्या सुरातच गायचे. वरचा सूर लावायचा नाही, हे खमाजनं दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टाचेला समजावलं होतं. भोवती गाई रवंथ करत बसल्या होत्या.

"ऐकून राहिले नं," ते म्हणाले. "साठ-पासष्ट हायेत."

"साठ-पासष्ट?" चंद्रकलाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि मध्येच उठून नाही गेलं कोणी?"

"उठाले लागला का," चंद्रभान म्हणाले, "खमाज टाच धरते जी."